मागचा दिवा

ब्रेक दाबला की मोटारसायकल थांबते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मानसिंगची मोटारसायकल ब्रेक दाबला की मरायची. चाकं थांबायच्या आधी इंजिनच गप्प व्हायचं, बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तसं. पाय उचलून पुन्हा किक मारली की सुरू, जणू मधे काही झालंच नाही. दिवाळीपासून हे सोंग चाललं होतं आणि आता संक्रांतही उलटून गेली होती.

गाडीही काही साधीसुधी नव्हती. चाळीसेक वर्षांपूर्वी कालव्यांची पाहणी करायला एक परदेशी साहेब आला होता, त्याच्याबरोबर ती आली. ढेकळातून, ओढ्यातून, पाटाच्या भरावावरून चालवायचीच तिची घडण. उंच मडगार्ड, गाठीगाठींचे टायर, बॅटरी नाही, इंजिन फिरेल तेवढाच उजेड. साहेब आपल्या देशी गेला आणि गाडी साखर कारखान्याच्या शेडमध्ये कोंबड्यांना बसायला उरली. मानसिंग तेव्हा कारखान्यात चिटबॉय होता, म्हणजे उसाच्या लागणीच्या नोंदी घेत बांधाबांधानं हिंडणारा माणूस. लिलावात कुणी तोंड उघडेना, तेव्हा यानं उघडलं. तिच्या लांब तंगड्या बघून गावानं तिचं नाव टोळ ठेवलं, आणि त्या टोळावर बसून मानसिंगनं नोकरीची सगळी वर्षं काढली.

आता तो एकाहत्तरचा होता. निमगाव केतकीपासून साडेतीन किलोमीटर आत, पाटाच्या चारीच्या कडेला त्याची वस्ती. दोन खोल्या, एक गाय, दीड एकर ऊस आणि तो. मुलगा युवराज पुण्याला, कंपनीत. बायको जयवंता दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी दूध काढायचं, किटली गाडीला अडकवायची, गावातल्या डेअरीवर घालायची, येताना भाजी आणि बीपीच्या गोळ्या आणायच्या, तेवढ्यापुरतं रोज माणसांत जाणं व्हायचं. डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळं पायी जायचं नाव नको. चारीच्या रस्त्याला ऊसवाहतुकीनं अशा चाकोऱ्या पडलेल्या, की नवी स्कूटर तिथं पोटावर बसते. गाडी आहे तोवर वस्ती आहे, हे बापालाही ठाऊक होतं आणि लेकालाही.

जयवंतानं जन्मात त्या गाडीला हात लावला नाही. "झाली का सवतीची अंघोळ?" म्हणायची. पण रोज सकाळी त्यानं किक मारली की हातातलं काम टाकून ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहायची. तो पायानं ब्रेक दाबायचा. ती म्हणायची, "लागतोय." मगच तो निघायचा. ही रीत कारखान्याच्या वर्कशॉपातल्या सोनबा मिस्त्रीनं घालून दिलेली. ऊस वाहणाऱ्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेला माणूस म्हणजे आपलं सरण आपणच वाहून नेणारा, असं सोनबा म्हणायचा. आणि बसलेल्या माणसाला आपला मागचा दिवा दिसत नाही, त्यासाठी दुसरं माणूस लागतं. जयवंता गेल्यावर पहिले काही दिवस मानसिंग सवयीनं ब्रेक दाबून थांबायचा. मागून काही ऐकू येत नाही हे ध्यानात आलं, की मान खाली घालून निघायचा. त्या वेळी त्याला फार एकटं वाटायचं. भिंतीवरचा तिचा फोटो बघूनही एवढं वाटायचं नाही.

मागं माणूसच नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. दोनशे पावलांवर बिरदेवची वस्ती होती. पण मानसिंगचं आणि बिरदेवचं बोलणं बंद होतं, अकरा वर्षं.

त्याचं असं झालं. बिरदेवची पंचावन्न मेंढरं होती. एका दुपारी चारीच्या वळणावर टोळ फटफटत आला आणि कळप बुजला. मेंढराची जातच तशी, पहिलं जिकडं उडी घेईल तिकडं बाकीची. नऊ मेंढ्या भरल्या पाण्यात गेल्या. बिरदेव म्हणाला, तू हॉर्न वाजवला नाहीस. मानसिंग म्हणाला, वाजवला. साक्षीला कोण, तर मेंढरं. बिरदेवचं मन त्या दिवशी असं विटलं, की त्यानं उरलेला कळप विकला, चार शेरडं ठेवली आणि मानसिंगशी अबोला धरला. मानसिंगनंही धरला. आमच्याकडं अबोल्यात जो आधी बोलेल तो हरला, एवढा एकच नियम आहे आणि तो सगळे पाळतात.

पण खरं सांगायचं तर तो अबोला दोन बायकांच्या जिवावर चालला होता. पाटाला पाणी सुटलं की बिरदेव बांधावर येऊन म्हणायचा, "वैनी, सांगा त्येला, पानी पहाटं येतंय." मानसिंग तिथंच चार हातांवर खुरपं घेऊन बसलेला असायचा. तो म्हणायचा, "म्हनावं, कळलं." मग जयवंता तिकडं तोंड करून "कळलं म्हनत्यात" असं गंभीरपणानं सांगायची. पलीकडून हेच काम बिरदेवची बायको नकोशी करायची. पुढं नकोशी लेकीची पोरं सांभाळायला कन्हेरीला गेली ती तिकडचीच झाली. मग जयवंता गेली. बिरदेव खांदा द्यायला आला, दहाव्याला आला, तोंडातून शब्द काढला नाही. त्यानंतर निरोप न्यायलाच कुणी उरलं नाही, आणि इतकी वर्षं लटका असलेला अबोला खरा झाला. रोज सकाळी मानसिंग दूध घेऊन निघायचा आणि त्याच वेळी बिरदेव शेरडं घेऊन मागून भरावावर चढायचा. दोघंही असे चालायचे, जणू दुसरा जन्मालाच आला नाही.

गाडी मरायला लागली तेव्हा युवराज दिवाळीला आलेला होता. मानसिंगनं त्याला म्हटलं, "बाबा, जरा मागं हुबा ऱ्हा. दिवा लागतोय का बघ." युवराज कानाला फोन लावून मागं गेला. मानसिंगनं किक मारली, ब्रेक दाबला, इंजिन गप. "लागला व्हय रं?" त्यानं विचारलं. "हां आबा, लागतोय," युवराज म्हणाला आणि फोनवर बोलत अंगणाच्या टोकापर्यंत गेला. मानसिंगनं मनातल्या मनात दिव्यावर काट मारली. खोड दिव्यात नाही.

मग इंदापूरचा दीपक मिस्त्री झाला. त्यानं एका दुपारात प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, दुसऱ्या एका गाडीची कॉइल आणून बसवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. गाडी त्याच्या दारातून निघाली आणि पहिल्याच ब्रेकला मेली. "आबा, ही आता शोभेला ठेवा," दीपक म्हणाला. मानसिंग गिअर पाडून, पुढच्या अर्धवट ब्रेकवर कसाबसा चालवत राहिला.

असं किती दिवस चालणार? मागच्या शनिवारी निमगावच्या फाट्यावर त्याला मागचा ब्रेक दाबावाच लागला. गाडी रस्त्याच्या मधोमध मेली, आणि समोरून दोन ट्रेलर उसाचे ओढत ट्रॅक्टर. ड्रायव्हर भला, त्यानं कडेला घातला. मोळ्या रस्त्यावर सांडल्या आणि एक मोळी मानसिंगच्या खांद्याला घासून गेली. एवढ्यावर भागलं असतं, पण चहाच्या टपरीवरच्या कुणीतरी ते फोनमध्ये टिपलं. संध्याकाळी युवराजला ते पुण्यात बघायला मिळालं.

"आबा, बास झालं," तो फोनवर म्हणाला. "पुढच्या रविवारी मी टेम्पो घेऊन येतो. गाडी भंगारात देऊ, गाय गावातले सोपानकाका न्यायला तयार आहेत, आणि तुम्ही इकडं चला. ट्रॅक्टर थांबला नसता तर?"

"आन गाडी दुरुस्त झाली तर?"

बापाला नाही म्हणणं युवराजला जड जायचं. "माझ्यासमोर दहा वेळा ब्रेक दाबायचा. एकदाही बंद पडली नाही, तर राहा तुम्ही तिथं. पण रविवारपर्यंतच."

मानसिंग पुण्याला महिनाभर राहून आला होता. सून श्रेया वाईट नव्हती, जेवायला वेळेवर वाढायची. पण सातव्या मजल्यावर तो सकाळी पाचला उठायचा आणि आठपर्यंत पलंगाच्या काठावर बसून राहायचा, भांड्याचा आवाज झाला तर कुणाची झोप मोडेल म्हणून. इथंही तो एकटाच होता. पण इथल्या एकटेपणात त्याला खोकता यायचं.

सोमवारी दूध घालून आल्यावर त्यानं गाडी लिंबाखाली स्टँडवर घेतली. खोड शोधायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं सोनबाचं सांगणं. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, निळी खणखणीत ठिणगी पडली. मॅग्नेटच्या झाकणाआडचे पॉइंट पुसले, त्यांची फट जुळवली. इंजिन बंद करायचं बटण आतून बॉडीला टेकून ठिणगी मारत असेल म्हणून त्याची वायरच सोडवून ठेवली. इंजिन सुरू केलं, छान चाललं. मग त्यानं वाकून हातानं ब्रेकचा पेडल दाबला. गप.

मंगळवारी त्यानं वीस वेळा तेच करून बघितलं. हँडलवरच्या ब्रेकनं मरत नाही, पायाच्या ब्रेकनं मरते. चालती असो की उभी, फरक नाही. पायाच्या पेडलपाशी एक बारका स्विच होता, मागचा लाल दिवा लावणारा. बुधवारी त्यानं त्या स्विचची वायर काढून ठेवली, म्हटलं आता बघू. तर गाडी सुरूच होईना. वायर जोडली, पहिल्या किकला सुरू. तो डोकं धरून बसला. दिव्याची वायर काढल्यावर ठिणगी का जावी? दिव्याची चूल वेगळी, ठिणगीची चूल वेगळी. सोनबाला विचारलं असतं, पण सोनबाला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

मागचा दिवा उघडून बघावा असं एकदा मनात आलं. पण त्याच्या लाल काचेचे दोन्ही स्क्रू गंजून बसले होते. जोर केला तर काच फुटणार, आणि तसली काच साऱ्या बारामतीत मिळायची नाही. शिवाय दिव्याची चौकशी कधीच झाली होती. युवराजनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून गुरुवारी त्यानं दिवा सोडून बाकी सगळं वायरिंग उघडलं. कुठंतरी वायर सोलून बॉडीला टेकत असणार, अशी त्याची खात्री झाली होती. रबराची नळी कापली, एकेक वायर बोटांतून ओढून बघितली, जिथं शंका आली तिथं टेप गुंडाळली. ठिणगीची एक वायर पेडलच्या स्विचपर्यंत कशाला येते, हे त्याला दिसलं होतं. पण साहेबाच्या देशातले लोक करतील ते थोडंच, म्हणून त्यानं सोडून दिलं. काखेत कळसा होता आणि हा गावाला वळसा घालत होता.

गाडी उघडलेली, म्हणून गुरुवारपासून दूधही डेअरीवर गेलं नाही. त्यानं ते आटवलं, थोडं मांजराला घातलं. तीन दिवस तो माणसाशी असा बोललाच नाही. गाईला मात्र सगळं सांगितलं, पॉइंटपासून स्विचपर्यंत. शनिवारी त्यानं सगळं पुन्हा जोडलं आणि लिंबाखाली उभं राहून देवाचं नाव घेऊन पेडल दाबला. इंजिन मेलं. तो बराच वेळ पेडलवर हात ठेवून तसाच वाकून राहिला. मग घरात जाऊन पत्र्याची पेटी काढली आणि धोतरं, बंड्या भरायला लागला.

संध्याकाळी युवराजचा फोन आला. मानसिंगला फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून तो फोन मोठ्या आवाजात ठेवून ओट्यावर बसायचा. "झाली का आबा?" "न्हाय झाली." "मग दहाला पोचतो. टेम्पो ठरवलाय." बांधापलीकडं बिरदेव शेरडं बांधत होता. त्याचा हात मधेच थांबलेला मानसिंगला दिसला. पण बघायचं नाही ही शिस्त होती, म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

रविवारी आठच्या सुमारास मानसिंग गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. पावलं वाजली म्हणून त्यानं वळून बघितलं, तर बिरदेव अंगणात. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, नजर गाडीकडं.

"मागचा दिवा लागत न्हाय तुजा," बिरदेव म्हणाला.

मानसिंगनं आधी इकडंतिकडं बघितलं. अकरा वर्षांच्या सवयीनं त्याला वाटलं, हा दुसऱ्या कुणाला तरी सांगतोय.

"लागतो," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच घोगरा वाटला. "युवराजनं बघितलाय, दिवाळीत."

"पोरगं फोनवर हुतं. तोंड चारीकडं, पाठ दिव्याकडं. मी भरावावर हुतो की."

"मग लागला न्हवता?"

"न्हाय. त्येच्या आदी चार दिस गेलाय त्यो. वळनावर तू ब्रेक दाबलास की लाल दिसायचं. एक दिस दिसलं न्हाय, आन त्याच दिसापास्नं गाडी मराय लागली तुजी. रोज बघतोय."

मानसिंगला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. पोटच्या पोरानं न बघता सांगितलं होतं, आणि या माणसानं तीन महिने बघून सांगितलं नव्हतं. चालत्या ट्रॅक्टरखाली आपण गेलो असतो तरी हा भरावावरून बघतच राहिला असता का, असं विचारावं असं त्याच्या ओठावर आलं. पण त्याच वेळी बिरदेवचं दुसरं वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. त्याच दिवसापासून. दिवा गेला आणि त्याच दिवसापासून ठिणगी जायला लागली. ठिणगीची ती वायर, पेडलच्या स्विचपर्यंत उगाच आलेली.

"काच धर," तो बिरदेवला म्हणाला.

बिरदेवनं घोंगडं खाली टाकलं आणि तान्ह्या कोकराचं डोकं धरावं तशी दोन्ही तळव्यांत ती लाल काच धरली. मानसिंगनं स्क्रूंवर रॉकेल सोडलं, थोडा वेळ मुरू दिलं, पेचकस टेकवून वरून हळूहळू ठोकलं. पहिला स्क्रू फिरला. दुसऱ्याचं डोकं तुटलं, पण काच शाबूत निघाली. आतला बल्ब काळा पडलेला, तार तुटून लोंबत होती.

सहा व्होल्टचे दोन बल्ब त्यानं किती वर्षं डब्यात जपून ठेवले होते. एक काढून त्यानं धोतरानं पुसला. दोन म्हातारी डोकी त्या चिमूटभर दिव्यावर वाकली होती, इतकी जवळ की बिरदेवच्या तोंडाचा तंबाखूचा वास त्याला येत होता.

"त्या दिशी मी हॉर्न वाजीवला न्हवता, बिरा," मानसिंग म्हणाला. वर बघायचं त्याला धाडस झालं नाही.

"ठावं हाय. मी तितंच हुतो," बिरदेव म्हणाला. "बसव बल्ब."

बल्ब बसला. मानसिंग गाडीवर चढला, बिरदेव काच हातात घेऊन मागं जाऊन उभा राहिला. पहिल्या किकला इंजिन सुरू झालं. मानसिंगनं डोळे मिटले आणि ब्रेक दाबला. इंजिन चालत राहिलं. तो दाबूनच राहिला, आणि ते टकटक करत चालतच राहिलं. दिवा लागलाय हे आता त्याला इंजिनच सांगत होतं, विचारायची काही गरज नव्हती. तरी त्यानं समोर बघत विचारलं, "लागतोय का?"

"लागतोय," मागून बिरदेव म्हणाला.

मानसिंगचा पाय पेडलवरून निघेना. दोन वर्षांत मागून हा शब्द आला नव्हता. त्याला रडू आलं, आणि बिरदेव मागं आहे, पुढं नाही, याचं बरं वाटलं.

मग दोघांनी वायर धरून शोध घेतला. साहेबाच्या देशातल्या कारागिरांनी ठिणगीची परतीची वाट ब्रेकच्या स्विचमधून नेली होती. पाय वर असेल तोवर ती तिथूनच बॉडीला जायची. पाय दाबला की ती वाट तुटायची आणि करंट मागच्या दिव्यातून फिरून जायचा. बल्ब शाबूत तर दिवाही लागणार आणि ठिणगीही पडणार. बल्ब गेला की वाट बंद, इंजिन बंद. मागचा दिवा गेलेला माणूस पुढं जाऊच नये, यासाठी केलेली ती सोय होती. इतकी वर्षं ती कुणाला कळली नाही, कारण जयवंतामुळं तशी पाळीच आली नव्हती. एखाद्या सकाळी ती "न्हाय लागत" म्हणायची, गाडी बंद पडली तरी त्याला वाटायचं आपलाच क्लच सुटला, आणि तो निघायच्या आधी बल्ब बदलायचा.

दहाला टेम्पो आला. युवराज उतरला, बापाला बघितलं, मग बापाशेजारी बसून चहा पिणाऱ्या बिरदेवला बघितलं आणि दारातच थबकला.

"तात्या, तुम्ही?"

बिरदेवनं फक्त मान हलवली. मानसिंगनं गाडी सुरू केली आणि अंगणात दहा वेळा ब्रेक दाबून दाखवला, मग अकराव्यांदा, मग बाराव्यांदा.

"काय झालं होतं?" युवराजनं विचारलं.

"मागचा बल्ब गेला हुता. दिवाळीच्या आदीपास्नं."

"पण दिवाळीत तर मी..." युवराज बोलता बोलता थांबला. मानसिंग टाकीवरची धूळ पुसत राहिला. लेकाला अपराधी वाटावं असं त्याला नको होतं, आणि वाटू नये असंही त्याला म्हणता येईना.

"आबा, मी बघितलं नव्हतं," युवराज म्हणाला. "कंपनीतल्या साहेबांचा फोन होता. मला वाटलं, लागत असेलच."

"व्हय," मानसिंग म्हणाला. "आता बघ."

युवराज मागं गेला, बापानं सांगितलं नसताना गुडघ्यांवर बसला आणि दिव्याकडं बघत राहिला. खिशात फोन वाजत होता. तो वाजून थांबेपर्यंत त्यानं हात घातला नाही. "लागतोय, आबा," तो म्हणाला.

तो तासभर थांबला. पेटीतले कपडे त्यानं स्वतः काढून दांडीवर ठेवले, सोपानला फोन करून गाय नको न्यायला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत सकाळची पाळी होती, जायलाच हवं होतं. निघताना बापाच्या पाया पडला आणि बिरदेवच्याही पडला. रिकामा टेम्पो चाकोऱ्यांतून डुलत गेला, वळणाशी गेल्यावर दिसेनासा झाला, आणि वस्तीवर पुन्हा रोजची शांतता झाली. मानसिंग जिंकला होता, पण पोरगं गेलंच होतं.

बिरदेवनं कपबशी धुऊन ओट्यावर पालथी घातली, घोंगडं खांद्यावर टाकलं. तिकडं त्याची शेरडं दावणीला ओरडत होती.

"बिरा," मानसिंग म्हणाला, "दिवाळीपास्नं बघत हुतास. ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचलो त्येबी कळलं आसंल तुला. तवा बोलला न्हाईस. मग आजच का बोललास?"

बिरदेवनं काठीनं मातीत एक रेघ ओढली. बोलायची सवय दोघांचीही मोडली होती.

"तू चाललास आसं काल ऐकलं," तो म्हणाला. "नकोशी तिकडं. मेंढरं न्हायती. आन तूबी गेल्यावर मी अबोला धरायचा कुनाशी?"